पंचाचे बोट

न्हावऱ्याच्या पुढे रस्ता उसाच्या दोन भिंतींमधून जातो, आणि त्या रस्त्यावर सतीशची मोटारसायकल गेले दीड वर्ष दोन माणसे मिळून चालवीत होती. हँडल सतीशच्या हातात असे आणि रस्ता गौतमीच्या डोळ्यांत. डावीकडे खड्डा आला की तिचा डावा गुडघा त्याच्या कमरेला टेके, उजवीकडे आला की उजवा. समोरून ट्रॅक्टर आला की दोन्ही एकदम. हे असे करायचे, असे त्या दोघांचे कधी ठरले नव्हते. ठरवायचे तर आधी कारण बोलावे लागले असते, आणि कारण बोलायचे नाही एवढ्याच एका बाबतीत नवराबायकोचे पूर्ण एकमत होते.

दोन्हीकडे पाय टाकून बसता यावे म्हणून गौतमीने रविवारी साडी नेसणे सोडले होते. मागच्या दसऱ्याला ती पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून दौंडच्या क्रिकेटच्या मैदानावर उतरली, तेव्हा तिथल्या संघातल्या बबनरावांची बायको चांगुणा म्हणाली होती, "अगं बया, नर्सबाई कॉलेजात निघाल्या!" गौतमी हसली होती.

दसरा झाला की शिरूर आणि दौंड यांच्यातले हे रविवार सुरू होत. शिरूरचा संघ म्हणजे सतीश, नौशाद आणि त्यांच्या तालमीतले जुने गडी. दौंडचा संघ म्हणजे बबनराव आणि त्यांच्या रेल्वे वसाहतीतली मंडळी. टेनिस चेंडूचे सामने, वीस-वीस षटकांचे. एक रविवार इकडे, एक तिकडे. जेवण यजमान गावाने रांधायचे, पण वाढायचे आणि भांडी घासायची ती हरणाऱ्या संघाने. हा नियम बारा वर्षे कोणी मोडला नव्हता. त्या वर्षी, म्हणजे २००२ साली, दिवाळीपाठोपाठ रमजान लागत होता, म्हणून हंगाम आखडता घेतला होता, आणि ऑक्टोबरातला तो शेवटचा रविवार हाच शेवटचा सामना होता.

"आज लई हळू चालवताय," गौतमी म्हणाली.

"घाई कशाला? नौशाद मागंच हाय."

नौशाद मागे नव्हता. शिरूरच्या एस.टी. स्टँडपासून बरोबर निघालेली त्याची कायनेटिक केव्हाच पुढे गेली होती; जाताना त्याच्या बायकोने, राबियाने, मागच्या सीटवरून हात हलवला होता आणि गौतमीनेही हलवला होता. सतीशने तो पाहिला नाही. पारगावचा पूल आला. पुलाच्या तोंडाशी डांबर उखडले होते. तिने उजवा गुडघा जरा अधिक जोराने दाबला आणि गाडी गुमान डावीकडे झाली.

आता कोणी विचारील की, जी बाई उपकेंद्रात परिचारिका आहे, जिने आसपासच्या गावांतले म्हातारे जीपमध्ये बसवून मोतीबिंदूच्या शिबिरांना नेले, तिला घरातला मोतीबिंदू कळू नये? कळला होता. संध्याकाळी दिव्याभोवती कडे दिसते असे सतीश बोलून गेला, त्याच दिवशी कळला होता. तिने विषय काढला, तेव्हा तो ताटावरून उठला. त्याच्या वडिलांचा डोळा अशाच एका शिबिरात केलेल्या शस्त्रक्रियेनंतर गेला होता. पू झाला, पट्टी सुटली नाही, आणि उरलेली सोळा वर्षे म्हातारा ओट्यावर बसून माणसांना आवाजावरून ओळखत राहिला. त्या ओट्याच्या कडेला सतीश वाढला होता. शिवाय रांजणगावच्या कारखान्यात तो तपासनीस होता. छिद्राचा व्यास गेजवर पाहून माल पास करायचा की परत पाठवायचा, हे त्याच्या नजरेवर ठरे. नजरेचे काही बोलले तर ती खुर्ची जाणार, असे त्याने मनाशी पक्के केले होते.

जूनमध्ये कंपनीची वार्षिक तपासणी झाली. त्याच्या आदल्या आठवड्यात सतीश तिला डबा द्यायला म्हणून उपकेंद्रात आला आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर, नाक टेकेल इतक्या जवळ, बराच वेळ उभा राहिला. गौतमी आत लसी मोजत होती. दाराच्या फटीतून तिला त्याचे ओठ हलताना दिसले. कंपनीच्या डॉक्टरकडे तसलाच तक्ता होता. सतीश तपासणीत पास झाला, आणि त्या रात्री त्याने पेढे आणले. तिने पेढा खाल्ला.

दौंडच्या रेल्वे मैदानावर कडुलिंबाच्या झाडाखाली चुली पेटल्या होत्या. बबनरावांनी पांढरा सदरा काढून बनियनवर मटणाचा हंडा हलवायला घेतला होता. मालगाडीवर गार्ड असलेला हा पन्नाशीचा गृहस्थ संघाचा कप्तानही होता आणि आचारीही, आणि दोन्ही कामे तो सारख्याच आरडाओरड्याने करी. भिगवणहून आणलेली चिलापी मासळी मिठाहळदीत मुरत पडली होती. चांगुणा भाकरी थापत होती.

"या, घोडनदीकर!" शिरूरच्या जुन्या नावाने हाक मारीत बबनराव ओरडले. "भांडी घासायला राख आणलीय न्हवं?"

"राख तुम्हांलाच लागणार हाय, बबनराव. आम्ही नुसतं बोटं चाटायला आलोय," नौशाद म्हणाला. शिरूरला मोटारींच्या सीट कव्हरचे त्याचे दुकान होते. रेक्झिनवर अंगठा फिरवून आतला टाका कुठे सुटला ते तो सांगे, आणि बॅट धरण्यातही त्याच्या हातांना तीच समज होती.

गौतमी नेहमीप्रमाणे सीमारेषेबाहेर, खेळपट्टीला काटकोनात, सतरंजी घालून धावफलकाची वही घेऊन बसली. तिचे अक्षर मोत्यासारखे होते आणि ती शाईने लिही. दोन्ही संघांचा वहीवर विश्वास होता, कारण त्या वहीत खाडाखोड नसे. राबिया शेजारी कांदे कापत बसली.

"भाभी, तुम्ही आज गप का?" राबियाने विचारले. "भांडलात काय?"

"भांडायला दोघं लागतात."

"आमच्यात एकटा पुरतो," राबिया म्हणाली आणि कांद्याने भरून आलेले डोळे मनगटाने पुसले.

दौंडने आधी खेळून एकशे अठरा धावा केल्या. मग सतीश नौशादबरोबर सलामीला गेला. तिसऱ्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. चेंडू सरळ होता आणि मंद होता. बॅट खाली आली तेव्हा तो यष्टीरक्षकाच्या पायांत जाऊन पडला होता. सतीश परत आला तो खेळपट्टीकडे बोट दाखवीत, "उसळलाच न्हाई," असे म्हणत. गौतमीने वहीत 'त्रिफळा' लिहिले आणि शाई वाळेपर्यंत त्या शब्दाकडे पाहत राहिली.

या सामन्यांना बाहेरचा पंच परवडत नसे. फलंदाजी करणाऱ्या संघातले जे बाद झाले असतील त्यांनी पंचाला उभे राहावे, अशी रीत होती. आपलाच माणूस आपल्याच माणसाला बाद देणार कसा, म्हणून या रीतीवर सगळीकडे भांडणे होतात. दौंड-शिरूरमध्ये ती होत नसत, आणि त्याचे श्रेय सतीशला दिले जाई. आठ वर्षांपूर्वी त्याने आपल्या सख्ख्या भावाला शेवटच्या षटकात पायचीत दिले होते. भाऊ वर्षभर बोलला नाही. तेव्हापासून सतीश पंच उभा राहिला की दौंडचे लोक अपील करून गप्प उभे राहत आणि त्याच्या बोटाकडे बघत. कारखान्यात त्याला चाळीस माणसे ओळखत असतील. या मैदानावर त्याला असा मान होता की तो आठवड्याचे सहा दिवस त्यावर काढी.

म्हणून तो त्रिफळा उडवून घेऊन आला तसा लगेच गोलंदाजाच्या टोकाला पंच म्हणून जाऊन उभा राहिला. तिथे त्याच्या कमरेला गुडघा लावायला कोणी नव्हते.

पंधरा षटके नीट गेली. वाइड चेंडूंना तो यष्टीरक्षकाच्या हालचालीवरून हात पसरी. हे तिच्याखेरीज कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते. नौशाद खेळत होता. सतरा षटके झाली, अठरा झाली. नऊ चेंडूंत अकरा धावा हव्या होत्या आणि नौशाद त्रेपन्नावर होता. राबियाने कांदे बाजूला ठेवले.

चेंडू आखूड पडला आणि उठला. नौशादने तो ओढायला बॅट फिरवली, पण लवकर फिरवली; बॅट गेली, चेंडू मागाहून आला, त्याच्या सदऱ्याच्या बाहीला चाटून यष्टींमागच्या सोहेबच्या हातात गेला. काटकोनात बसलेल्या गौतमीला बॅट आणि चेंडू यांच्यातले ते अंतर स्पष्ट दिसले. बाही फडकलेलीसुद्धा दिसली. सोहेबने चेंडू वर फेकून आरोळी ठोकली. तो यष्टीरक्षक होता आणि आरोळी ठोकणे हे त्याचे कामच होते. त्याच्यामागून सगळे दौंड ओरडले.

सतीश हलला नाही. एक श्वासभर, दोन श्वास. त्याने मान किंचित वळवली. झाडाकडे, सतरंजीकडे वळवली असे तिला वाटले. पण तेवढ्या अंतरावरून त्याला सतरंजीचा रंगही दिसत नसणार. मग त्याने बोट वर केले.

नौशाद बॅटकडे बघत उभा राहिला. बॅट काखेत मारून परत आला आणि सतरंजीच्या कडेला बसून पायातले बूट सोडू लागला.

"लागली व्हती?" राबियाने विचारले.

"मला न्हाई वाटलं." त्याने उजव्या हाताची बोटे उघडली, मिटली. "पण सतीशनं दिला म्हंजी लागली असंल."

गौतमीची लेखणी वहीवर थांबली होती. पंच जे देतो तेच लिहिणे हे धावफलक लिहिणाराचे काम. आपण काय पाहिले ते लिहिण्याला वहीत रकाना नसतो. तिने 'झेल, सोहेब' असे लिहिले. अक्षर पहिल्यांदाच वाकडे आले. त्यानंतर शिरूरचे उरलेले दोन गडी पाच चेंडूंत गेले आणि शिरूर सहा धावांनी हरले.

"हे असं पायजे!" बबनराव मैदानभर सांगत सुटले. "जिवाभावाचा दोस्त त्रेपन्नावर, सामना हातात, तरी बोट वर! असा माणूस मुंबईला असता तर टीव्हीवर दिसला असता." त्यांनी सतीशच्या पाठीत थाप मारली. सतीश हसला. ते हसू गौतमीने दुरून पाहिले, आणि पेढ्यांच्या दिवशीचे हसू तिला आठवले. दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

नियमाप्रमाणे शिरूरकर वाढायला उठले. दौंडची पंगत लिंबाखाली बसली. ऊन कलले होते आणि झाडाची सावली दाट झाली होती. सतीशने रश्श्याचे भांडे आणि पळी घेतली. पहिल्या ताटात रस्सा वाटीत पडला, दुसऱ्यात पडला; तिसरे ताट सोहेबचे होते, आणि तिसरी पळी वाटी चुकून त्याच्या मांडीवर रिकामी झाली.

"आयो! भाजलं की!" सोहेब उडी मारून उठला. "सतीशभाऊ, हरल्याचा राग असा काढता व्हय?"

पंगत खदखदून हसली. चांगुणा पाणी घेऊन धावली. "द्या इकडं," म्हणून गौतमीने सतीशच्या हातून भांडे काढून घेतले आणि त्याला चिलापीची परात दिली. मासा हाताने वाढता येतो. सतीशने परात घेतली, पण तिच्याकडे पाहिले नाही.

दौंडचे जेवून उठले आणि शिरूरकर बसले. नौशाद भाकरी मोडत नुसता बसला होता. बबनराव त्याला आग्रह करू लागले, तेव्हा तो म्हणाला, "बबनराव, पुढल्या साली माझ्याजागी दुसरा बघा. मी आता वाढायलाच येत जाईन."

"का रं? त्रेपन्न केल्यास की!"

"बॅटीला चेंडू लागला आन् मला कळलं न्हाई. असं कवा झालं न्हवतं." त्याने दोन्ही तळहात पुढे धरले. "हे हात मला माझे वाटंनात. परवा एका जीपचं कव्हर शिवलं, शिवण तिरकी गेली, गिऱ्हाइकानं दाखवली तवा दिसली. मी म्हणलं, असंल नजरचूक. आज कळलं, हातच गेलंत. दुकानात माणूस ठेवावा लागंल."

राबियाच्या तोंडचा घास तोंडातच राहिला. हे तिने प्रथमच ऐकलेले दिसत होते.

गौतमी पळी धरून उभी होती. आपण बोलावे असे तिला वाटले. एक वाक्य पुरले असते. पण ते वाक्य तिने बोलले, तर ते बायकोने नवऱ्यावर केलेले आरोपपत्र झाले असते, आणि सतीश ताटावरून उठून गेला असता, जसा पूर्वी उठला होता. तिने त्याच्याकडे पाहिले. तो माशाचा काटा शोधत होता, बोटांनी, अंधारात चाचपावे तसा. मग त्याने ताट पुढे सारले. तो उठणार, असे तिच्या मनात आले. तो उठला नाही.

"नौशाद," तो म्हणाला, "तुझी बॅट लागली न्हाई."

"आँ?"

"म्हंजी मला म्हायती न्हाई लागली का न्हाई. मला चेंडूच दिसला न्हाई. आवाज झाला, ही पोरं वरडली, मी बोट वर केलं."

"दिसला न्हाई म्हंजी? ऊन आलं डोळ्यावर?" बबनरावांनी विचारले.

"ऊन न्हाई. दीड वरीस झालं. धुरकट दिसतं सगळं. तू बोलतोयस, नौशाद, तर तुझं तोंड मला दिसत न्हाई, आवाज येतोय नुसता."

नौशादने ताट बाजूला सारले. पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा झाला, आणि लगेच लाल झाला. "दीड वरीस? आन् तू या रस्त्यानं वहिनीला मागं बसवून गाडी चालवतोस?"

"बाहीला लागला व्हता," सोहेब मांडी चोळत हळूच म्हणाला. "मला दिसलं व्हतं. मी आपलं सवयीनं वरडलो. पंचानं दिल्यावर मी काय नको म्हणू?"

"अरे गाढवा!" बबनराव त्याच्यावर गरजले, आणि मग सतीशकडे वळले. "थांब, थांब. दीड वरीस म्हणलास? मग गेल्या साली मी तुमचा गडी धावबाद केला, तो न्हाई दिलास? वीतभर भाईर व्हता की!"

"त्या दिवशी तो हातभर आत व्हता," नौशाद म्हणाला.

"तुला काय ठावं? तू सीमेवर शेंगा खात व्हतास!"

"वही काढा, वहिनी, वही काढा!" दौंडचा आणखी कोणी ओरडला, आणि दीड वर्षातले सगळे निकाल एकेक करून लिंबाखाली उकरले जाऊ लागले. माणसे माशाचे काटे हातात धरून तावातावाने भांडू लागली. आठ वर्षांत त्या मैदानावर सतीशशी कोणी भांडले नव्हते. तो मधोमध बसून ज्याच्या त्याच्या आवाजाकडे मान वळवीत, "असंल, तसंबी असंल," असे म्हणत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला होता.

"आजचा निकाल काय करायचा?" कोणीतरी विचारले.

"निकाल तोच," नौशाद म्हणाला. "पंचानं दिलं ते दिलं. भांडी आम्हीच घासणार. पण तू," त्याने सतीशच्या खांद्याला धरले, "तू गाडीची किल्ली दे. आन् गुरुवारी मी दुकान बंद ठेवतो. आपण पुण्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं."

"माझ्या बापाचा डोळा..."

"त्या शिबिराला सव्वीस वर्षं झाली," गौतमी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. "आता तसं करत नाहीत. मी शंभर म्हाताऱ्यांना हे सांगते. तुम्हांला सांगायची मला चोरी होती."

सतीशने खिशातून किल्ली काढली आणि नौशादचा हात जिथे असेल असे वाटले तिथे पुढे केली. हात वीतभर बाजूला होता. नौशादने तो सरकवला.

परतताना नौशादने मोटारसायकल घेतली आणि सतीश मागे बसला. गौतमीला उपकेंद्राची लूना चालवायची सवय होती, म्हणून कायनेटिक तिच्याकडे आली आणि राबिया तिच्यामागे. पाटस गेले, वरवंड गेले. ऊस भरलेल्या ट्रॉल्या कडेने चालल्या होत्या. राबिया मागून अखंड बोलत होती: दुकानाचे, हातांचे, खुदाचे आभार, आणि आपला नवरा किती मूर्ख. गौतमीचे तिकडे लक्ष नव्हते. पुढच्या गाडीसमोर खड्डा आला की तिचे गुडघे आपोआप आवळत आणि कायनेटिकच्या पत्र्यावर आपटत. पुढची गाडी आपली आपण वळून जाई. तरी गुडघे थांबेनात.

चौफुल्याला चहाला थांबले. नौशाद आणि राबिया भजी आणायला गेले. सतीश बाकड्यावर बसला होता, कप दोन्ही हातांत धरून.

"तक्ता पाठ केला होता तुम्ही. जूनमध्ये," ती म्हणाली.

त्याने कप खाली ठेवला. "तुला म्हायती व्हतं?"

"दारातून बघत होते."

"मग बोलली का न्हाईस?"

"पेढा खाल्ला मी. मी काय बोलणार?"

रस्त्यावरून सोलापूरची एक एस.टी. गेली. तिच्या दिव्यांकडे सतीशने डोळे बारीक करून पाहिले, आणि त्यांच्याभोवती त्याला काय दिसते ते तिला विचारावेसे वाटले, पण तिने विचारले नाही.

"गौतमी, मला वळखतेस न्हवं तू? बुधवारपत्तुर मी काहीतरी कारण काढीन. कंपनीत रजा न्हाई म्हणीन. ताप आलाय म्हणीन."

"म्हणा."

"ऐकू नको."

"नौशादभाई दुकान बंद करून दारात उभे राहणार आहेत," ती म्हणाली. "त्यांना सांगा ताप आलाय म्हणून."

भजी आली. सतीशने हात पुढे केला, आणि गौतमीने पुडा त्याच्या बोटांखाली सरकवला. मग तिला वाटले, हे आता लपवून करायला नको, म्हणून सगळ्यांदेखत तिने त्याचा हात धरून पुड्यावर ठेवला. अजून पारगावचा पूल यायचा होता.